वरची खोली, खालचा जबडा

दातांच्या डॉक्टरांच्या घरात कुठलीही वस्तू ठेवायची म्हणजे आधीच्या वस्तूवर ठेवायची, आणि काढायची म्हणजे वरची काढायची. दुसरी पद्धत त्या घराला माहीतच नव्हती. सासूबाई ताटल्या धुऊन चळतीवर ठेवायच्या आणि जेवायला वरच्याच चार उचलायच्या. त्यामुळे कित्येक वर्षं ती माणसं त्याच चार ताटल्यांत जेवत होती. त्या घासून घासून इतक्या पातळ झाल्या होत्या की खालच्या टेबलक्लॉथवरची फुलं दिसायची. त्यांच्याखाली तीस ताटल्या होत्या, दुकानाचं लेबलसुद्धा न निघालेल्या.

भांडणांचंही तसंच. सासूबाई नेहमी वरचं भांडण काढायच्या, म्हणजे सगळ्यात ताजं. डॉक्टरांनी हे लग्नानंतर महिन्याभरात ओळखलं होतं. जुनं काही निघेल अशी लक्षणं दिसली की ते मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकायचे. मग टॉवेलावरून भांडण व्हायचं आणि खालचं सगळं जागच्या जागी राहायचं.

सून या घरात आली त्याला तीन वर्षं झाली होती. नवरा बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा यायचा, आला की पहिले चार दिवस भिंतीला धरून चालायचा. लग्नाआधी ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. इथे आल्यावर शेजारपाजारच्या सहा बाया तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या, पण शिकवायला जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. एकीला कीबोर्ड मिळायचा, दुसरीला भाजीची टोपली, आणि उरलेल्या चौघी फ्रिजला टेकून उभ्या. लॅपटॉप तर शोधावाच लागायचा. तिने तो कुठेही ठेवला तरी तासाभरात त्यावर काहीतरी यायचं. इस्त्रीचे कपडे, वर्तमानपत्रं, एकदा तर आख्खा भोपळा. सासूबाईंचा त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. सपाट जागा दिसली की त्यांचा हात आपोआप तिथे जायचा, एवढंच. पण तीन वर्षांत या घरात आपलं म्हणून एक हातभर जागा नाही, ही गोष्ट सुनेच्या मनाला लागली होती.

घरात एक खोली रिकामी होण्यासारखी होती. दवाखान्याच्या बरोबर वरची. तिच्यात प्लास्टरचे जबडे होते. डॉक्टर ज्याचे दात बसवायचे त्याच्या तोंडाचा साचा घ्यायचे, त्यावरून प्लास्टरचा जबडा बनवायचे आणि तो वरच्या खोलीत नेऊन ठेवायचे. कशावर, ते सांगायला नको. खिडकीजवळची पहिली चळत छताला टेकली तेव्हा त्यांनी तिच्या पुढ्यात दुसरी लावली, मग तिसरी. आता खोलीत शिरायचं तर पोट आत घेऊन, आडवं.

त्या खोलीवर दिराचाही डोळा होता. दीर ड्रम वाजवायचा. सध्या तो दवाखान्यामागच्या बोळात वाजवायचा आणि डॉक्टरांची त्याला काहीच हरकत नव्हती, कारण दात उपटताना मोठा आवाज असला की बाहेर बसलेल्यांना आतलं ऐकू जायचं नाही. पण बोळात ऊन लागायचं.

"आई, खोली मला हवी," एका रविवारी जेवताना दीर म्हणाला.

"मलाही हवी आहे, आई," सून म्हणाली. तीन वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट, त्यामुळे डॉक्टरांनी घास तोंडात तसाच धरला.

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. त्या उजव्या बाजूने सावकाश चावत होत्या. त्यांचा खालचा डावीकडचा एक दात नव्हता. लग्नाआधीपासूनच नव्हता. दातांच्या डॉक्टरांची बायको आणि तोंडात खिंड, म्हणून त्या हसताना तोंडावर हात ठेवायच्या आणि लोक त्यांना लाजाळू समजायचे. दाताचा विषय निघाला की डॉक्टर म्हणायचे, "बसवू गं, जरा गर्दी कमी होऊ दे."

"गर्दीचं काय करणार आहात ते सांगा," सासूबाई म्हणाल्या. "कंपाउंडर गेल्यापासून रोज दारात भांडणं. काल दोघं गाल सुजवून भांडत होते. काय म्हणतायत ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं."

कंपाउंडर नोकरी सोडून गेला होता, कारण त्याला एक पेशंट चावला होता आणि डॉक्टरांनी त्या पेशंटच्या दातांची तारीफ केली होती.

"मी नंबर लावायचा प्रोग्राम लिहिते," सून म्हणाली. "दारात मशीन ठेवते. आलं की बटण दाबायचं, नंबर घ्यायचा. पाटीवर नंबर लागला की आत."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून शनिवारपर्यंत. यातल्या एका दिवशी जरी, सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत, भरलेल्या दवाखान्यात दारात भांडण झालं नाही, तर खोली तुझी. नाहीतर ड्रम वर."

"आणि भांडण झालं की नाही, हे कोण ठरवणार?" दिराने विचारलं.

"भांडण मला कळतं," सासूबाई म्हणाल्या. यावर कोणाचंच दुमत नव्हतं.

सुनेने त्याच दुपारी प्रोग्राम लिहिला. आलेला नंबर ठेवायचा आणि बोलवायच्या वेळी काढायचा, दोनच कामं. तिने स्वतः बटण दाबलं, एक नंबर आला, पाटीवर तोच एक लागला. दिराला दाबायला लावलं, पाटीवर दोन लागला. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा बरोबर. पण पाचही वेळा रांगेत माणूस एकच होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला निवृत्त मास्तर आले. गणिताचे मास्तर, अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले. त्यांनी पहिला नंबर घेतला आणि ते खुर्चीवर बसले. डॉक्टर अजून हात धूत होते. तेवढ्यात बेकरीवाली आली, दुसरा नंबर. मग शिंपी, तिसरा. घंटा वाजली. पाटीवर तीन लागला. शिंपी आत गेला. तो आत असताना आणखी दोघं आले. घंटा वाजली, पाटीवर पाच.

मास्तरांनी टेबलावरचं मासिक उचललं. कोंबड्या पाळण्याबद्दलचं होतं.

दहा वाजेपर्यंत गावाला मर्म कळलं. जो शेवटी येईल तो आधी आत जातो. मग काय, शेवटी यायला सगळेच तयार. पेशंट लांबून दवाखान्याकडे बघत, कोणी येतंय का याची वाट बघत उभे राहिले. बेकरीच्या कोपऱ्यामागे सात जण, टपालपेटीमागे तीन. एकजण दिव्याच्या खांबामागे लपला होता, पण तो जाडा होता, दोन्ही बाजूंनी दिसत होता. साडेअकराला दोन गृहस्थ चुकून एकाच वेळी दाराशी पोचले.

"या, तुम्ही आधी घ्या नंबर," पहिला म्हणाला.

"छे, छे. तुम्हीच घ्या. तुम्ही वयाने मोठे."

"मोठा असेन, पण तुमचा गाल जास्त सुजलाय. घ्या म्हणतो ना."

"मला घाई नाही."

"मला तर त्याहून नाही."

इतक्या सौजन्यातून सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत दोघं एकमेकांची कॉलर धरून एकमेकांना दारात ढकलत होते. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. "भांडण," असं म्हणून त्या आत गेल्या.

सहाला मास्तरांचा नंबर लागला. मासिक त्यांचं पाठ झालं होतं.

"पोरी," सून बसायची त्या दाराशेजारच्या खिडकीशी थांबून ते म्हणाले, "मी पहिला आलो होतो."

"हो, मास्तर."

"म्हणून शेवटी?"

"हो, मास्तर."

मास्तरांनी थोडा विचार केला. "प्रोग्राम चुकलेला नाही तुझा. अगदी शिस्तीत चालला दिवसभर. फक्त ही रांग नाही. हे तू कुठे शिकलीस?"

सुनेला उत्तर जेवताना सुचलं. सासूबाईंनी चळतीवरून वरच्या चार ताटल्या काढल्या, त्या टेबलावर मांडल्या, आणि सून त्यांच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं रोज हेच बघून तिच्या हाताला हेच वळण लागलं होतं. ती उठली, चळत दोन्ही हातांनी उचलली आणि सगळ्यात खालची ताटली काढली. लेबलसकट.

दिराने वाकून लेबलावरची किंमत वाचली.

"ती कशाला काढलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी आलेली आधी काढली, आई."

"पाहुणे येणारेत का?"

"नाही."

सासूबाईंनी ताटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, पुसली, आणि चळतीवर ठेवली. सगळ्यात वर.

मंगळवारी सुनेने खरी रांग केली. दवाखान्यात दहा खुर्च्या ओळीने होत्या, प्रोग्राममध्ये तिने दहा कप्पे ओळीने केले. याला ॲरे म्हणतात, असं तिने सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, खुर्च्याच आहेत त्या. आला तो पुढच्या कप्प्यात, पहिला आला तो पहिला आत. दहाव्या माणसापर्यंत अगदी लोण्यासारखं चाललं. अकरावी बेकरीवाली आली, तोवर पहिले चौघं दाढा हातात घेऊन घरीही गेले होते. बेकरीवालीने बटण दाबलं. पाटीवर आलं, जागा नाही. ओळ दहाव्या कप्प्याशी संपली होती, आणि मागे चार रिकामे झालेत हे बघायला प्रोग्रामला कोणी सांगितलंच नव्हतं.

"ही काय जागा मग? ही? ही?" बेकरीवाली एकेका रिकाम्या खुर्चीवर बसून दाखवत म्हणाली. "का मी यात मावायची नाही म्हणतंय ते मशीन?"

गॅलरीतून आवाज आला, "भांडण."

बुधवारी तिने उपाय केला. एकजण आत गेला की बाकीच्यांनी उठून एक एक खुर्ची पुढे सरकायचं. म्हणजे शेवटची खुर्ची नेहमी मोकळी. त्या दिवशी चाळीस पेशंट आले, आणि प्रत्येक वेळी घंटा वाजली की नऊजण पिशव्या, छत्र्या, बर्फाच्या पुड्या घेऊन उठायचे आणि बसायचे. एकाच्या पायाला प्लास्टर होतं. त्याने दुपारपर्यंत काही तक्रार केली नाही, मग त्याने काठी उचलली. शिंप्याने मोजपट्टीने हिशेब केला की दात दाखवायला आलेला माणूस आपल्या नंबरापर्यंत पोचेतो शेजारच्या गावी जाऊन येण्याइतकी उठबस करतो. तो प्लास्टरवाला पंधरा दिवसांनी प्लास्टर काढायला गेला तेव्हा हाड जुळलेलं तर होतंच, वर पोटरीही पहिलवानासारखी झाली होती.

"वहिनी, ड्रमसाठी खोलीला पडदे निळे लावू का हिरवे?" दिराने रात्रीच्या जेवणाला विचारलं. लॅपटॉप उशांच्या खाली होता, तो काढायला सून उठली.

गुरुवारी तिने खुर्च्याच गोल मांडल्या. माणसं हलवायची नाहीत, खुणा हलवायच्या. पहिला कोण याची एक खूण, नवा कुठे बसणार याची दुसरी. दहावी खुर्ची झाली की परत पहिली. हे मात्र इतकं सुरेख चाललं की बारा वाजता सासूबाई गॅलरीतून खाली येऊन उभ्या राहिल्या. सुनेने घड्याळ पाहिलं. अजून सहा तास.

साडेबाराला उरलेल्या एका खुर्चीत दहावा माणूस बसला. गोल पूर्ण भरला. नवा कुठे बसणार ती खूण फिरत फिरत बरोबर पहिल्याच्या खुणेवर येऊन टेकली. आणि प्रोग्रामला एवढंच माहीत होतं की दोन्ही खुणा एका जागी आल्या म्हणजे दवाखाना रिकामा. सकाळी नऊ वाजता, कोणी आलेलं नसताना, त्या अशाच एका जागी होत्या.

पाटीवर आलं, कोणी नाही.

डॉक्टरांनी पाटी वाचली, हातमोजे काढले, मागच्या दाराने घरात गेले, जेवले आणि झोपले. दहा माणसं गोलात बसून पाटीकडे बघत होती.

"मी तर आहे," शिंपी जरा वेळाने म्हणाला.

"मलाही तसंच वाटतंय," मास्तर म्हणाले. सोमवारी त्यांची दाढ काढली होती, आता बाकीच्या दातांची तपासणी होती.

एक म्हातारे गृहस्थ मात्र पाटी वाचून इतके खचले की घरी जाऊन त्यांनी बायकोला विचारलं, मी तुला दिसतो का. बायको त्यांच्यावर मागच्या आठवड्यापासून रुसलेली होती, तिने उत्तर दिलं नाही. ते पुढचे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तीनपर्यंत उरलेले नऊजण मोठ्याने आपण असल्याचं सांगू लागले. भांडण.

"एक खुर्ची कायम रिकामी ठेव," मास्तरांनी जाताना सांगितलं. "मग भरलेला गोल आणि रिकामा गोल वेगळा ओळखू येईल."

सुनेला ते पटलं. पण ती वळून बघते तो एका रिकाम्या खुर्चीवर सासूबाईंनी विणकाम, दोन वर्तमानपत्रं आणि घड्या केलेले टॉवेल ठेवलेही होते.

मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिने विचार केला. खुर्च्या दहा असोत का वीस, कधीतरी भरणारच. आणि या घरात रिकामी जागा टिकणार नाही. म्हणजे जागेवर भिस्तच ठेवायला नको.

शुक्रवारी तिने खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. येणाऱ्या प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी. सून फक्त दोघांना लक्षात ठेवणार, पहिला कोण आणि शेवटचा कोण. नवा आला की ती त्याला शेवटच्याकडे पाठवणार, शेवटचा आपल्या चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिणार. आत जाताना चिठ्ठी खिडकीत द्यायची, तिच्यावर पुढे कोणाला बोलवायचं ते असतंच. असे सगळे एकमेकांना धरून. याला लिंक्ड लिस्ट म्हणतात, असं तिने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, साखळी आहे ती.

आता दवाखान्यात बसायचीही गरज उरली नाही. माणूस कुठेही असो, तो रांगेतच. अकरा वाजेपर्यंत ती रांग गावभर पसरली. बेकरीवाली पाव विकत रांगेत होती, मास्तर बागेच्या बाकावर डुलक्या घेत रांगेत होते, एकजण घरी अंघोळ करत रांगेत होता. चिठ्ठी त्याने साबणाच्या डबीत ठेवली होती. रांगेतली दोघं एका लग्नालाही जाऊन आली. दारात चिटपाखरू नव्हतं आणि पेशंट धडाधड निपटत होते.

दुपारी दोनला शिंप्याचा दात आपोआप दुखायचा थांबला. त्याला इतका आनंद झाला की तो तडक बसमध्ये बसून बहिणीकडे निघून गेला. चिठ्ठी खिशात.

त्याच्यामागे चौदा जण होते. त्यांच्यातल्या पहिल्याचं नाव फक्त शिंप्याच्या चिठ्ठीवर. सुनेला शेवटचा माहीत होता, पण शेवटच्याच्या चिठ्ठीवर काही नव्हतं, मागे कोणी नव्हतंच त्याच्या. चौदा माणसं एकमेकांशी अगदी नीट जोडलेली, एकालाही आपला मागचा चुकलेला नाही, आणि त्यांना बोलवणार मात्र कोणी नाही. पाचला ती सगळी एकामागे एक येऊन दारात उभी राहिली, इंजिन सुटलेल्या डब्यांसारखी. पुढचं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. गॅलरीतून शब्द आला.

"झालं," दीर म्हणाला. "उद्या सकाळपासून मी खोली उपसायला घेतो."

"उद्याचा दिवस आहे अजून," सून म्हणाली.

"वहिनी, माझं काय जातं? संध्याकाळी ड्रम चढवायचा तर सकाळपासून जबडे उतरवायला लागतील."

शनिवारी सुनेने खिडकीवर पाटी लावली. साखळीतून निघून जायचं असेल तर खुशाल जा, पण आपली चिठ्ठी आपल्या पुढच्या माणसाला देऊन जा. तुम्ही गेल्यावर तुमच्या मागचा त्याच्या मागचा होईल.

आणि मग नऊ ते बारा, बारा ते तीन, काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. एका बाईला मध्येच घरी जावं लागलं, तिने चिठ्ठी पुढच्याला दिली, कुठे काही तुटलं नाही. सून दिवसभरात पाणीसुद्धा प्यायली नाही, उठावं लागेल म्हणून. सासूबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि एक कान दाराकडे होता.

दीर मात्र घाम गाळत होता. सकाळपासून तो वरून एकेक जबडा आणून अंगणात मांडत होता. आधी तिसरी चळत, मग दुसरी. दुपारपर्यंत अंगणभर गावाची तोंडं पसरली. लोक कुंपणाशी थांबून आपापली ओळखत होते. साडेपाचला खिडकीजवळच्या पहिल्या चळतीचा तळ लागला. सगळ्यात खालचा जबडा त्याने फुंकर मारून आणला आणि सासूबाईंच्या पायाशी ठेवला.

"हा शेवटचा. खोली झाडूनसुद्धा घेतली, आई."

सासूबाईंनी खाली पाहिलं. जबडा लहानसा होता, पिवळा पडलेला, डावीकडे एक दात नसलेला. त्याला दोऱ्याने एक कागद बांधला होता. त्या वाकल्या आणि त्यांनी अक्षर ओळखलं. तारीख, वेळ सकाळी नऊ, पेशंट पहिला, आणि खाली दोनदा रेघ मारून लिहिलेलं, तातडीचे.

बत्तीस वर्षांपूर्वी नवीन डॉक्टरांच्या नवीन दवाखान्यात एक मुलगी दात दुखतो म्हणून पहिली आली होती. डॉक्टरांनी दात काढला, साचा घेतला, जबडा बनवला आणि बोलता बोलता लग्नाचं विचारलं. मग दुसरा पेशंट आला. त्याचा जबडा या जबड्यावर बसला. मग तिसरा. डॉक्टर रोज वरचा उचलून दात बनवत राहिले.

सासूबाई अंगणभर बघत राहिल्या. हे सगळे नंतर आलेले. या सगळ्यांना दात मिळाले होते.

त्यांनी हातातला ओला टॉवेल खाली टाकला, जबडा उचलला आणि त्या दवाखान्याच्या दाराकडे निघाल्या. दीर एकदम उजळला आणि मागे निघाला. भिंतीवरच्या घड्याळात सहाला पंचवीस मिनिटं कमी होती.

सुनेने त्यांना येताना पाहिलं. चेहरा पाहिला, हातातला जबडा पाहिला. तिच्या यादीत अजून अकराजण होते. पहिले मास्तर, ते खिडकीशीच उभे होते.

"अहो कुठेत?" सासूबाईंनी दारातून विचारलं. आवाज अगदी शांत होता. हा आवाज घरात कोणी आजवर ऐकला नव्हता, तो बऱ्याच खालून आला होता.

"आत आहेत, आई. पेशंट आहे."

"मला आत जायचंय."

"वहिनी, सोड आईला," दीर म्हणाला. "नाहीतर दारातच सुरू होईल."

सुनेला कळलं की आत सोडलं तर अकराजण भांडतील, आणि नाही सोडलं तर एकच. पण ती एक अकरांना भारी होती. तिला वरची खोली दिसली, झाडून ठेवलेली.

"आई," ती म्हणाली, "नंबर लावावा लागेल."

"मी? माझ्या घरात?"

"हो. कधी आलात?"

सासूबाई तोंड उघडणार तेवढ्यात त्यांची नजर कागदावर गेली. त्या थांबल्या.

"बत्तीस वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊला."

मास्तरांनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला.

"बाई माझ्या आधीच्या आहेत," ते म्हणाले. "मी फार तर आज सकाळी आलोय."

सुनेने एक कोरी चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिलं, मास्तर, आणि ती सासूबाईंच्या हातात दिली. आपल्या वहीत पहिला म्हणून मास्तरांचं नाव खोडून लिहिलं, आई. संपलं. खुर्च्या असत्या तर अकराजण उठले असते, एकजण तरी बोलला असता. इथे कोणाला काही हलावंच लागलं नाही. बेकरीवाली दोन गल्ल्या पलीकडे पाव विकत होती, तिला आजतागायत माहीत नाही.

घंटा वाजली. सासूबाईंनी चिठ्ठी खिडकीत दिली आणि त्या आत गेल्या, खुर्चीत बसल्या. जबडा त्यांनी मांडीवर ठेवला.

डॉक्टर वळले. त्यांनी जबडा पाहिला. मग इकडेतिकडे पाहिलं, पण दवाखान्यात ओला टॉवेल नव्हता.

"अगं, गर्दी जरा..."

सासूबाईंनी तोंड उघडलं. बत्तीस वर्षांचं सगळं, अगदी तळापासून, क्रमाने काढायचं त्यांनी ठरवलं होतं. पण दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडलं की त्यांचे हात आपोआप चालतात. त्यांनी गालात दोन कापसाचे बोळे सरकवले आणि साच्याचा लगदा भरलेला ट्रे खालच्या जबड्यावर दाबून बसवला.

"पाच मिनिटं असंच," ते म्हणाले.

दीर दारात घड्याळ बघत उभा होता. "हे भांडण आहे," तो म्हणाला. "बाबा, आई तुमच्याशी भांडतेय."

"भांडतेयस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आँ," सासूबाई म्हणाल्या. डोळे मात्र सगळं बोलत होते.

"नाही म्हणते."

"आणि दारात तर नाहीच," मास्तर म्हणाले. त्यांनी दारापासून खुर्चीपर्यंतची पावलं मोजली होती. चौदा भरली.

लगदा घट्ट व्हायला दहा मिनिटं लागली, कारण डॉक्टरांनी तो मुद्दामच जरा पातळ कालवला होता. बाकीचे अकराजण पटापट आत गेले, बाहेर आले. सहाचे ठोके पडले तेव्हा दारात कोणी नव्हतं. तोवर बोळे गालात तसेच धरून आत कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई गाल पुसत बाहेर आल्या, सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"भांडण झालं नाही," त्या म्हणाल्या. "दारात."

घरात ते पुढे नऊ दिवस चाललं, खालून वर, एकही न गाळता. पण ते मोजायचं नव्हतं.

खोली सुनेची झाली. झाडलेली होतीच, दिराने निळे पडदेही आणून ठेवले होते, ते तिने लावले. त्याचा ड्रम अंगणात जबड्यांच्या मधोमध ठेवलाय. तो वाजवायला लागला की सगळे जबडे ठेक्यावर खडखडतात. त्यामुळे आता लांबून लांबून लोक ऐकायला येतात आणि जाताना दातही दाखवून जातात. डॉक्टर हल्ली खालून सुरुवात करतात. सासूबाईंनंतरचे तीन पेशंट कधीच वारले होते, तरी त्यांनी त्यांचे दात परत एकदा बनवून घरपोच पाठवले. घरच्यांनी ठेवून घेतले.

सहा बाया आता वर सहा खुर्च्यांवर बसून शिकतात. पहिल्या दिवशी तास चालू असताना सासूबाई वर आल्या. नवीन दात बसला होता आणि हसताना तोंडावर ठेवायचा हात मोकळा होता, म्हणून त्या हातातही त्यांनी काहीतरी आणलं होतं. घडी केलेल्या चादरींचा गठ्ठा. टेबलावर लॅपटॉप होता, सपाट, मिटलेला. गठ्ठा त्याच्या वर गेला आणि तिथे हवेत थांबला.

सहाही बाया बघत होत्या. सूनही बघत होती.

सासूबाईंनी लॅपटॉप उचलला, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि लॅपटॉप त्याच्यावर ठेवला. सगळ्यात वर.

"हं, शिकव," त्या म्हणाल्या आणि सातवी खुर्ची ओढून बसल्या.